गौसियाबींचा कढीपत्ता

लातूर, ३ फेब्रुवारी २०१३

ती. अक्कास वीरभद्राचा शि. सा. न. वि. वि.

आज लिहू, उद्या लिहू करता करता तीन आठवडे गेले, हे आधीच कबूल करतो. मोबाईल उदगीरच्या एसटीत राहिला, तेव्हा फोनचीबी सोय न्हाई. म्हणलं, आप्पा डायलिसिसच्या मशीनवर चार-चार तास पडून असतात, तर तू त्यांना हेच वाचून दाखवशील.

इथं मी ट्यूशनवाल्या पोरांचे डबे पोचवून राहिलो. दीडशे डबे, खाणारे बहुतेक होणारे डॉक्टर. मेस गौसियाबींची. भूकंपाच्या साली तंबूतल्या लोकांसाठी त्यांनी चूल मांडली, ती अजून विझली न्हाई. पण मला नवल वेगळ्याच गोष्टीचं. दीडशेतले अकरा डबे लाल दोरीचे असतात, किडनीवाल्यांचे. बींचे घरधनी चांदपाशा ह्याच दुखण्यात गेले. तेव्हा दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंकडून जे शिकल्या, ते घरधनी गेल्यावरही त्यांनी सोडलं न्हाई. मी विचारलं, की ह्या डब्याला विमा काही देतो का. हसल्या, म्हणाल्या विमा सुईचे पैसे देतो, चमच्याचे न्हाई.

तर आप्पांसाठी रीत लिहून घे. मीठ डॉक्टर सांगतील तेवढंच. भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात दोन तास भिजवायची, मग भरपूर पाण्यात उकळायची अन् पाणी निथळून... अगं, निथळण्यावरून आठवलं, बींच्या मोरीपाशी एक कढीपत्ता हाय, एवढा माजलाय की गच्चीला टेकलाय. असल्या पाणीटंचाईत! लोक बघायला थांबतात. असो. मग भाजीला जरासं तेल, जिरं, लसूण. झालं.

आप्पांना दंडवत. रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
वीरभद्र


नांदेड, १२ फेब्रुवारी

चि. वीरभद्रास अ. उ. आ.

आधी चांगलं सांगते. आप्पांची जुनी पॉलिसी कामाला आली नाही, दुखणं आधीचं म्हणून कंपनीनं हात वर केले. पण त्यांचं नाव निलंग्याहून माझ्या रेशनकार्डावर चढलं आणि ते सरकारी योजनेत बसले. मशीनची काळजी मिटली.

डबा मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. इथं दोन मेसवाल्यांना विचारलं. एकाकडे शुगरवाल्यांचा होता, दुसरा म्हणाला असलं अळणी कोण खातंय. म्हणून मीच केला, तुझ्या रीतीनं. भाज्या उकळल्या, निथळल्या. खाली पातेलंभर हिरवंगार पाणी. आपल्या घरात पुरणाच्या डाळीचं पाणी कधी कुणी टाकलंय? मी त्याला फोडणी देऊन येळवणी, पातळ आमटी केली. आप्पांनी कित्येक महिन्यांनी दुसरी वाटी मागितली, म्हणून चार दिवस रोज केली.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांचे पाय उचलेनात, छाती धडधडायला लागली. ठरल्या दिवसाआधीच मशीनवर घ्यावं लागलं. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं, मी येळवणी सांगितली. ते म्हणाले, भाजीतलं जे पोटॅशियम पाण्यात काढून टाकायचं, तेच तुम्ही वाटीत घालून पाजलंत.

आता जीव वाचला, पण आप्पा जेवत नाहीत. मी ताट आणलं की भिंतीकडे तोंड करतात. मला वाईट वाटू नये म्हणून भूक नाही म्हणतात, एवढंच. असेच उपाशी राहिले तर मशीनही सोसवणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाणी टाकायचं कुठं लिहिलंस ते तीनदा शोधलं. कढीपत्ताच सापडला.

दोष तुला देत नाही. वेळेवर जेव.

तुझी अक्का,
सुकन्या


लातूर, १६ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच. तुझं पत्र काल बींना वाचून दाखवलं. वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी मला मोरीपाशी नेलं, लाल दोरीच्या भाजीचं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात ओतलं अन् म्हणाल्या, की टाकायला जीव होत न्हाई तो काय एकट्या तुझ्या बहिणीचाच? माझाबी होत न्हाई, म्हणून तर हे झाड लावलं. अक्का, मी रोज ते झाड बघत होतो, कशानं माजलं ते एकदाबी विचारलं न्हाई.

आज सकाळी उठलो तर बी चुलीपाशी न्हाईत. किल्ली माझ्या उशाशी. अकरा लाल डबे बांधून ठेवलेले, बाकीचे माझ्या गळ्यात. शेजारच्या कहकशांलाबी ठाऊक न्हाई कुठं गेल्या ते. माझ्यावर चिडून तर गेल्या न्हाईत ना? वरण लागायच्या आत थांबतो.

घाईतला नमस्कार गोड मानून घे.

वीरभद्र


नांदेड, १६ फेब्रुवारी

चि. वीरभद्रास अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते. आप्पांनी आजही दोनच घास घेतले. गौसियाबींना माझा नमस्कार सांग. ज्या बाईनं आपलं दुःख झाकून न ठेवता अकरा घरांना जेवू घातलं, तिच्या हाताखाली मला आठ दिवस राहता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना एवढं विचार, की

थांब, दाराशी ऑटो थांबलाय. एक बाई उतरल्यात. काखेत पातेलं, हातात ओल्या फडक्यात बांधलेलं कढीपत्त्याचं रोप. मला ओलांडून सरळ आप्पांनाच विचारून राहिल्यात, की मोरी कुठं हाय. आणि आप्पा, वीरभद्रा, भिंतीला धरून दाखवायला उठलेत.