अर्धा कापलेला स्पंज

जालना, मंगळवार, मार्च २००८

मानेला आज जास्तच रग लागलीय, तरी लिहिते. सकाळी भांडी घासायचा हिरवा स्पंज अर्धा कापलेला दिसला. यांना विचारलं तर नुसते हसले.

सासूबाईंच्या जुन्या कंबरदुखीसाठी नवीन जालन्यातले डॉक्टर डोक्याला दोन ओले स्पंज लावून बारीक करंट द्यायचे आणि तेव्हाच व्यायामाची सायकल चालवायला लावायचे. दोन्ही बरोबरच पाहिजे, असं बजावलं होतं. पण यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान ना! "सायकल कशाला? करंट मी घरीच देतो."

दुपारी शाळेत शिकवून घरी आले तर सासूबाई पलंगावर आडव्या. डोक्याला त्याच हिरव्या स्पंजचे दोन ओले तुकडे, वायरी मोटारसायकलच्या बॅटरीला. मी ओढून काढलं सगळं. कपाळावर लाल चट्टा.

"आत्या, भाजलं की हो! दुखतंय का?"

"बिलकुल न्हाई. काहीच दुखत न्हाई आता."

चट्ट्यावर बोट ठेवलं, तरी नजर छताकडेच. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर हे म्हणाले, "गुण आला ना? मंग?"

माझी मान दुखते हे यांना कशाला बोलले मी? उरलेला अर्धा स्पंज मिठाच्या पाण्यात भिजत ठेवलाय. "उद्या तुझी मान बघू," म्हणाले.