जळलेल्या गवतावरून

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही वनखात्यात मजूर होता आणि मी त्याच खात्यात वनरक्षक झाले, हे तुम्हाला कळायला हवं होतं. आज मी पहिल्यांदा जाळरेषा लावली. टेकडी तीच, पुसेगावच्या पुढची. कामही तेच: वणव्याच्या दिवसांआधी कडेचा गवताचा पट्टा आपणच जाळून टाकायचा, म्हणजे पुढे आगीला खायला काही उरत नाही. हवा मात्र ती राहिली नाही. तुमच्या वेळी या दिवसांत सकाळी गवत दवानं भिजलेलं असायचं आणि आग दमादमानं चालायची. आता न्याहारीच्या वेळेलाच गवत कडकडीत वाळलेलं असतं. हे मी वर कळवलं होतं, पण दिवस आधीच ठरला होता.

काडी ओढताना मला ती जुनी सकाळ आठवत होती. तुमची भाकरी घेऊन मी टेकडीवर आले होते, उचलून घेण्याएवढी लहान नव्हते, पायात काही नव्हतं. वारा एकदम फिरला आणि आग पट्टा सोडून उभ्या गवतात शिरली. माझ्या मागे ज्वाळा, पुढे नुकताच जळलेला, धुमसणारा पट्टा. तुम्ही ओरडता, "काळ्यात पळ. जळलेलं परत जळत न्हाई." मी हलत नाही. मला आगीपेक्षा त्या राखेची भीती वाटते. तुम्ही धावत येता, शिवी हासडता, आपल्या कातडी चपला माझ्या पायांत कोंबता आणि मला पुढे ढकलता. मागून तुम्ही येता, अनवाणी. घरी आई तुमच्या तळव्यांना खोबरेल लावताना रडत होती आणि तुम्ही मलाच झापत होता, "काहून थांबलीस? पुन्हा अशी उभी राहिलीस तर तंगडं मोडून ठीवीन." मला इतका राग आला की तुमच्या पायांकडे मी पाहिलंच नाही.

आजही वारा फिरला. मी ओरडले, "काळ्यात चला, जळलेल्यात." सगळे मजूर पळाले, एक बाई थांबली. माझ्याच वयाची, पायात झिजलेली रबरी स्लिपर, तीही एकाच पायात. "मॅडम, पाय भाजतेत वो," ती म्हणाली. मी तिचा दंड धरून तिला ओढत नेलं. सगळे वाचलो. शेताच्या बांधाशी आग झोडपून विझवली. मॅडम होत्या म्हणून निभावलं, असं सगळे म्हणत होते. ती लिंबाखाली बसून आपल्या तळव्याला फुंकर घालत होती.

हा कागद धाडायचा कुठे, घडी करून डब्यात ठेवीन. पण बाबा, तिला ओढत होते तेव्हा माझ्या पायात खात्याचे जाड बूट होते. ते काढून द्यावेत असं क्षणभर मनात आलं होतं. वेळ नव्हता, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगते आहे. वेळ तुम्हालाही नव्हता.