तीन नंबरची लाइन

सोमवार, १० नोव्हेंबर १९८६

आजपासून मी नोकरदार! सिंधूमावशीने दिवाळीच्या उरलेल्या चकल्या डब्यात कोंबल्या आणि इतवारीतल्या हातगाड्यांमधून वाट काढत मला कंपनीच्या बसपर्यंत सोडलं. गावी उमरेडला बाबांना अजून पटत नाही. जन्मभर मागावर बसलेला माणूस. पोरगी नुसती बोटं चालवणार आणि तिला पगार मिळणार, हे ऐकून ते हसत सुटले होते.

हिंगण्याचा हा कारखाना कापड रंगवण्याचा. सगळीकडे वाफ आणि रंगाचा उग्र वास. फक्त कॉम्प्युटरची खोली थंडगार, आणि ती एकट्या माझी. ईश्वरदास साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, म्हणाले की यंत्र बसवणारा इंजिनिअर काम अर्धवट टाकून पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेला. आता गोदामातला माल पडद्यावर दिसायला लागेल असं मला करायचं आहे. शुक्रवारी मालक बघायला येणार आहेत.

दुपारी बॉयलरवर काम करणारे रूपरावजी दारात आले. पन्नाशीचे असतील. पाय धुऊन आले होते, तरी उंबऱ्याबाहेरच उभे. "आत येऊ का वं पोरी? इथं थंडी लवकर आली म्हणून राहिले सारे." मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत, गार हवेत नुसते डोळे मिटून उभे राहिले. जाताना म्हणाले, "आता जातो. माह्या राक्षसाले एकटं सोडता येत नाही." राक्षस म्हणजे बॉयलर.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दोन दिवस प्रोग्रॅम सुरूच होईना. आधी म्हणे अशी फाइलच नाही. फाइल समोर दिसत होती! शेवटी कळलं, नावातलं एक इंग्रजी अक्षर कॅपिटल हवं होतं आणि मी लहान टाकत होते. मग म्हणे जागा सापडत नाही. कोणत्या कप्प्यात शोधायचं ते यंत्राला आधी सांगावं लागतं. मी एकटीच त्या खोलीत मोठ्यानं हसले. कॉम्प्युटरच्या वर्गात शिकवलं होतं तेच: चूक झाली की घाबरायचं नाही, एकेक कारण बाजूला काढत जायचं.

आता गोदामाची वायर यंत्राच्या तीन नंबरच्या लाइनला जोडायची. यंत्राच्या पुस्तकात ती रिकामी दाखवली आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

झालं! मालकांनी पाठ थोपटली, साहेबांनी पेढे मागवले.

सकाळी मात्र वेगळंच चाललं होतं. प्रोग्रॅम सुरू व्हायचा आणि लगेच पडायचा: लाइन व्यस्त आहे. वायर काढून घातली, यंत्र बंद करून चालू केलं, तेच. मग आत चालणारी सगळी कामं पडद्यावर मागवली. एक भलतंच काम तीन नंबर धरून बसलं होतं. नाव नाही, कुणाचं ते नाही. पुस्तकात लिहिलं होतं, असं काम बंद करण्याआधी सगळ्या विभागांना विचारावं. हिशेबात विचारलं, फाटकावर विचारलं, गोदामात विचारलं. कुणाचंच नव्हतं. बॉयलरघर तेवढं पटांगणापलीकडे, आणि मालकांची गाडी फाटकातून आत येत होती. तिथं कॉम्प्युटरचं काय काम असणार, असं मीच ठरवलं. काम बंद केलं, आणि ते पुन्हा आपोआप सुरू होऊ नये अशीही सोय केली.

लगेच गोदाम दिसायला लागलं. किती सोपं होतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बॉयलर फाटला. सकाळच्या पाळीत. माझ्या खोलीची काच तडकली. लोक ओरडत धावत होते.

रूपरावजी गेले. वाफेनं. मी पाहिलं नाही. पाहिलेल्यांनी सांगितलं ते लिहिणार नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

चौकशी सुरू झाली. आतलं पाणी संपलं, नळ्या तापून फुटल्या. पाणी कमी झालं की घंटी वाजते, ती ऐकून माणूस आग कमी करतो. घंटी वाजलीच असेल, रूपराव झोपले असतील, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

मी बॉयलरघरात गेले. घंटी भिंतीवर शाबूत होती. तिच्यामागून एक करडी वायर निघाली होती. तसली वायर कारखान्यात फक्त माझ्या खोलीत आहे. भिंतीवरून, छपराखालून, पटांगणावरून ती कुठं जाते ते बघत बघत मी चालत गेले. माझ्याच दारात येऊन थांबले.

इंजिनिअरनं घंटी यंत्रातून वाजवायचा प्रयोग केला होता. तीन नंबरवर, मागच्या बाजूनं, पुस्तकात नोंद न करता. ते बिननावाचं काम म्हणजे ही घंटी.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले की आता बोलून माणूस परत येणार नाही, तुझीही नोकरी जाईल आणि माझीही. ती करडी वायर त्यांनी दुपारीच कापून घेतली.

मी मान हलवून कामाला लागले. रात्री मावशीनं विचारलं, जेवत का नाहीस? पोट बिघडलंय म्हटलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

लाइन व्यस्त आहे.

तेच काम, बिननावाचं. मी बंद केलं. पुन्हा आलं. यंत्रातून पुसून टाकलं. जेवून आले तर पुन्हा चालू.

घाबरायचं नाही. एकेक कारण बाजूला काढायचं. वायर — कापलेली आहे, टोक हातात धरून पाहिलं. बॉयलर थंड आहे, फाटलेला, त्यातून पलीकडचं दिसतं. मग काय उरलं?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

गोदामातून निरोप, पडद्यावर माल दिसत नाही, भलतंच काही दिसतं. गेले. पडदाभर एकच ओळ खालून वर सरकत होती — पाणी कमी. पाणी कमी. पाणी कमी.

खोलीत येऊन मी यंत्राची वीजच तोडली. परत गेले, तर गोदामाच्या पडद्यावर ती ओळ चालूच —

शनिवार, २२ नोव्हेंबर

रूपरावजींची बायको फाटकावर बसून होती. वच्छलाबाई. कामावर झोपला म्हणून भरपाई नाही, असं साहेबांनी तिला सांगितलं होतं. ती एवढंच म्हणत होती, "माहा माणूस कामावर कधी झोपला नाही जी." मी मान खाली घालून तिच्यासमोरून गेले.

आत आले, आणि घंटी वाजली. भरदिवसा. एकसारखी. शेजारच्या खोलीत हिशेबातल्या बाई लिहीत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

घंटी थांबत नाही. बसमध्येही. मावशीकडेही. आता वाजून काय उपयोग — तेव्हा वाजायला हवी होती — मी —

मंगळवार, २५ नोव्हेंबर, दुपार

कामावर गेले नाही. वच्छलाबाईंच्या घरी आले आहे. वस्तीतलं दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. त्या रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "मले वाचता येत नाही. माह्या भावाले येते. कागदावर लिहून द्या." पिशवीत हीच डायरी होती.

लिहून देते: घंटी मी बंद केली. उतावीळपणानं, बॉयलरघरात न विचारता. रूपरावजी झोपले नव्हते. साहेबांना हे माहीत आहे.

लिहिताच कानातली घंटी थांबली. किती शांत आहे इथं. रडू आलं.

वच्छलाबाईंनी दोन ताटं मांडली. माझ्यासाठी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही वं. ते येऊन राहिले ना. पहिली पाळी सुटली." दुःखानं असं होतं माणसाचं.

कोपऱ्यावर बस थांबल्याचा आवाज.

दारात कुणी पाय धुतं आहे — त्या पाणी द्यायला उठल्या — सवयीनं, रोजच्यासारख्या —

मान वर करवत नाही — लिहीतच राहते — ओल्या राखेचा वास — वहीवर सावली, शेजारी कुणी टेकलं — आवाज रागावलेला नाही, फक्त थकलेला — "लय वाट पाहिली वं पोरी मी घंटीची. तू काहून ती बंद —