उलटी अंगठी

प्रिय दादा,

तू तिकडचं नागरिकत्व घेतल्यापासून बाबांसमोर तुझं नाव काढायची सोय नाही. म्हणून हे पत्रही दुकानात, तुझ्या रिकाम्या खणातच राहील.

पणजोबांची अंगठी आठवते? केशरी पोवळं, मोती, पाचू, अगदी आपल्या झेंड्याच्या क्रमाने. गिऱ्हाइकं अजून तिच्यावर जीव टाकतात, पण बाबा काही विकत नाहीत. ती उलटी घातली की दुसऱ्याच देशाचा झेंडा होतो, हे लहानपणी तूच शोधून काढलंस आणि पाठीत धपाटा खाल्लास. मोठा होऊन नेमका त्याच देशात जाऊन बसलास.

आज बाबा खडे निवडत होते. मी हळूच म्हटलं, "बाबा, अंगठी उलटी घातलीत."

"माहीत आहे. तू तुझं काम कर."

तुझीच,
ठमी