मधला अर्धा तास

प्रताप नगर, शुक्रवार

प्रिय पियूष,

आशीर्वाद आहेतच, पण आज आधी रागावणार आहे. चहा ठेव बाजूला आणि शेवटपर्यंत वाच. तुझ्या हॉस्पिटलचा माणूस सकाळी सोमवारच्या चौकशीसाठी तो तक्रारीचा कागद देऊन गेला. ‘परिचारिका हर्षा यांनी मला न विचारता तेच इंजेक्शन दुसऱ्यांदा दिले.’ खाली माझं नाव छापलेलं आणि सही जिथे करायची तिथे पेन्सिलीनं फुली! एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते रे मी, सही कुठे करतात ते मला कळतं. या सहीवर त्या पोरीची नोकरी जाईल आणि शेरा असा बसेल की नागपुरात दुसरं हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नाही, हेही कळतं.

माझं बरं आहे. खुब्याचे टाके निघाले, वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जाते. काजलचा डबा वेळेवर येतो, पण तिला म्हणावं, भाजीत तेल जरा कमी घाल, सासूला लवकर पाठवायचंय का?

आता तुझ्या हुशारीबद्दल. मॅनेजर झाल्याबरोबर तू पहिलं काय केलंस, तर पाळी बदलतानाचा अर्धा तास कापलास. म्हणे, दोन पाळ्यांच्या नर्सेस एकत्र उभ्या राहून गप्पा मारतात. गप्पा? त्याला चार्ज देणं म्हणतात, बाबा. जाणारी सिस्टर येणारीला घेऊन खाटेखाटेपाशी जाते. हिला काय दिलं, याचं काय राहिलं, तो रात्रभर रडत होता पण मुलाला सांगू नको म्हणाला. यातलं निम्मंसुद्धा तुझ्या कॉम्प्युटरात मावत नाही. तुझे बाबा उमरेडला मागावर बसायचे तेव्हा जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की नव्याचा एकेक धागा त्याला जोडून घ्यायचे. दिवस मोडायचा त्यात, पण कधी कुरकुरले नाहीत. पुढे माग बंद पडला, आणि तुझं शिक्षण, हे घर, सगळं माझ्या पांढऱ्या साडीवर उभं राहिलं. तीच साडी तुला आता नुसता खर्च दिसते, याचा मला फार राग येतो.

खुब्याच्या ऑपरेशननंतर मी तुझ्या वॉर्डात होते, त्या दिवशीचंच घे. पावणेदोनला सकाळच्या सिस्टरनं मला रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं. लिहिणार तेवढ्यात सात नंबरच्या आजोबांना उलटी झाली, ती तिकडे धावली, आणि दोन वाजता तिची पाळी संपली. हर्षा आली तेव्हा चार्ज द्यायला वॉर्डात कोणी नव्हतं. बावीस पेशंट आणि ही एकटी! ‘एकटी काय काय पाहू मी?’ एवढंच पुटपुटली आणि कामाला लागली. माझ्या वेळी एवढ्या पेशंटना आम्ही तिघी असायचो, तरी पाय दुखायचे. ट्रेमधली वापरलेली सुई दिसल्यावर चूक तिनंच ओळखली, दहा मिनिटांत डॉक्टरांना स्वतः जाऊन सांगितलं आणि पाळी संपल्यावरही माझ्या जखमेतून रक्त येतंय का ते बघत बसली. तिनं लपवलं असतं तर तुला नोटीस कुणाला द्यायची तेही कळलं नसतं.

तुझ्याकडून वर्षभरात पाच जणी गेल्या, दोघी तर थेट परदेशात. नवी पोरगी वॉर्ड सांभाळायला शिकेपर्यंत सहा महिने जातात. तोवर तू ऑपरेशनं पुढे ढकलतोस आणि खाटा रिकाम्या ठेवतोस. कापलेल्या अर्ध्या तासात हॉस्पिटलनं नेमकं काय कमावलं, ते मला एकदा नीट समजावून सांग.

काल हर्षा घरी येऊन गेली. नोटीसबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त टाक्यांची जागा पाहिली. मीच छेडलं तेव्हा म्हणाली, ‘मावशी, तुमाले कायले चौकशीत ओढू?’ रात्रभर ते वाक्य मला टोचत राहिलं. कारण पियूष, तिनं विचारलं होतं. सिरिंज हातात घेऊन माझ्या खाटेपाशी थांबली आणि म्हणाली, ‘मावशी, दुपारचं इंजेक्शन देलं काय तुमाले?’ तेव्हा मी फोनवर होते. तुझ्याशीच. नर्सेसचा वेळ कसा वाचवला, ते तू मोठ्या कौतुकानं सांगत होतास आणि मी मुलाच्या कौतुकात बुडालेली. ऐकून न ऐकल्यासारखं करून हातानंच खुणावलं, दे, दे. तिला वाटलं, इतकी जुनी सिस्टर, हिला माहीत असणार. मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या डॉक्टरांनाही नाही. लाज वाटली. तुझा कागद सहीशिवाय परत पाठवते आहे. माझी सही या पत्राखाली आहे, आणि याची एक प्रत हर्षाकडे दिली आहे. सोमवारी चौकशीत ती वाचायला कचरेल, म्हणून वॉकर घेऊन मीच येते. खुर्ची तिच्या बाजूला ठेव.

तुझीच,
आई
(इंदू बाबाराव, निवृत्त परिचारिका)