व्यवसायाचा रकाना

गुरुवार, लालबाग

मलेशियाचं थीम पार्क बुडालं म्हणायचं. आयुष्यातला पहिला परदेश. सवलत दोन जोडप्यांनी मिळून गेलं तरच. आम्हा नवरा-बायकोची एकट्यानं जायची ऐपत नाही. आणि अडलं कुठे, तर मित्र सदाच्या व्हिसाच्या अर्जातल्या ‘व्यवसाय’ या रकान्यात.

त्याची गिरणी संपात बंद पडून वर्षं लोटली. मी म्हटलं, “निवृत्त लिही.”

“निवृत्त कधी झालो रे मास्तर? मी संपावर आहे. संप मागे घेतला असं कोण बोललं तुला?”

“व्हिसावाल्यांना काय त्याचं?”

“मग त्यांच्या आकाशपाळण्यात नाय बसत मी.”

शालिनीवहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ‘हट्ट’ लिहा. पगार नाही, पण हे रोज पूर्ण पाळी भरतात.” सगळे हसलो. तेवढ्यात त्यांनी सहलीसाठी घेतलेले नवे बूट पायानंच खाटेखाली सारले. ते मी पाहिलं, हे वाईट झालं.

संस्कृतच्या तासाला जन्मभर काळ शिकवले. जे संपलं असं कुणी म्हटलंच नाही, ते भूतकाळात कसं घालू? सदाचं व्याकरण बरोबर आहे. रकाना कोराच राहिला.

उद्या चौघांचं बुकिंग रद्द करायचं. टूरवाल्या पोरीनं कारण विचारलं तर ‘संप’ म्हणेन. कुठला, असं ती विचारील.