मी काय खोटं बोलले?

परभणी, १९८५. रविवार, दिवेलागण

सकाळी चर्चमध्ये शांतीसाठी मोठ्यानं प्रार्थना केली, सगळ्यांनी कौतुक केलं. आणि दुपारी काय केलं मी?

माझ्यासोबत खोलीत राहणारी सुनंदा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात दिसली म्हणून घरमालकीण मावशी आमच्या खोलीत आल्या. तिला म्हणाल्या, "आजच्या आज खोली खाली कर." मग माझ्याकडं वळल्या. "तू बी यांच्यातलीच का गं?"

"न्हाई मावशी, आमी ख्रिस्ती."

खरंच तर होतं. पण किती घाईनं निघालं तोंडातून! आजोबांचा बाप्तिस्मा व्हायच्या आधी आम्हीही सुनंदाच्याच जातीचे, पेडगावात तिच्याच वस्तीतले. येशूचं नाव घेऊन मी तिच्यापासून बाजूला सरकले.

ती ट्रंक भरत होती. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू दे. तू खोटं कुठं बोललीस?" रागावली असती तर बरं झालं असतं.

सुनंदा गेल्यावर आत्ता मावशींना सांगून आले, "मी बी त्यांच्यातलीच हाय." उद्या मलाही खोली सोडायचीय. सुनंदाला हे कुणीतरी सांगावं असं सारखं वाटायलंय, आणि त्याचीच जास्त लाज वाटायलीय.